जादूच्या कंदिलातली फट

१६६२ साली ख्रिस्तियान हायगेन्सनं पॅरिसमधल्या आपल्या भावाला एक विचित्र विनंती केली. वडिलांना फ्रेंच दरबारात दाखवायला चित्रं पाडणारा कंदील हवा होता, आणि त्यांना नाही म्हणणं ख्रिस्तियानला जमत नव्हतं. म्हणून कंदील पोचला की त्यातलं एक भिंग गुपचूप काढून ठेव, म्हणजे तो चालणारच नाही, असं त्यानं कळवलं. शनीच्या कड्याचा उलगडा करणारा, लंबकाचं घड्याळ घडवणारा हा डच शास्त्रज्ञ. आपल्या घराण्याचं नाव असल्या खेळण्याशी जोडलं जाण्याची त्याला लाज वाटत होती. या कंदिलासाठी १६५९ मध्ये त्यानं काढलेली चिमुकली चित्रं मात्र टिकून आहेत. एक सांगाडा स्वतःची कवटी उतरवतो, हातात धरतो आणि पुन्हा मानेवर बसवतो.

याच हायगेन्सचा प्रकाशावरचा ग्रंथ १६९० मध्ये आला. प्रकाश तरंगांनी पसरतो, अशी त्याची मांडणी होती. आइसलँडच्या कॅल्साइट स्फटिकातून पाहिलं की एका रेघेच्या दोन रेघा दिसतात, त्याचाही उलगडा त्यात होता. पण एका स्फटिकातून आलेले किरण दुसऱ्या स्फटिकात शिरले, की तो कसा धरला आहे त्याप्रमाणे वेगळेच वागतात. त्याचं कारण आपल्याला सापडलं नाही, हे त्यानं प्रांजळपणे लिहून ठेवलं.

ज्याची लाज वाटली तो कंदील आणि जे सुटलं नाही ते कोडं, ही दोन्ही दोनशे वर्षांनी एकाच टेबलावर आली. व्याख्यात्याच्या टेबलावर.

चुनकळीचा उजेड

जादूच्या कंदिलाची रचना साधी असते. मागे दिवा, त्याचा उजेड गोळा करणारी जाड भिंगं, त्यांच्यापुढे काचचित्र सरकवायची खाच आणि सगळ्यात पुढे ते चित्र पडद्यावर मोठं करणारं भिंग. चित्र उलटं घालायचं, म्हणजे पडद्यावर सुलटं दिसतं. तेलाच्या दिव्यावर हा खेळ दिवाणखान्यापुरताच राहिला असता. १८२०च्या दशकात चुन्याचा दिवा आला. ऑक्सिजन आणि हायड्रोजनची ज्योत चुनकळीच्या कांडीवर सोडली, की कांडी पांढरीशुभ्र तळपू लागते. पुढे कार्बनच्या दोन कांड्यांमधला विजेचा झोत आला आणि शेकडो माणसांच्या सभागृहात शेवटच्या बाकापर्यंत चित्र स्पष्ट पोचू लागलं.

इतिहास, भूगोल, प्रवासवर्णन यांच्यासाठी कंदील म्हणजे चित्र दाखवायची सोय होती. पिरॅमिडचं काचचित्र म्हणजे पिरॅमिड नव्हे. प्रकाशाच्या धड्यात मात्र हे अंतरच उरत नव्हतं. ज्याच्याबद्दल शिकवायचं तो प्रकाशच कंदिलातून बाहेर पडत होता. म्हणून या विषयातली सर्वांत महत्त्वाची ‘स्लाइड’ म्हणजे धातूची एक पट्टी होती. तिच्यावर चित्र नव्हतं, मधोमध फक्त एक अरुंद फट होती.

ही पट्टी खाचेत घातली की पडद्यावर पांढरी रेघ उमटते. भिंगापुढे लोलक धरला की ती रेघ बाजूला सरकते आणि तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत पसरते. कार्बन डायसल्फाइड भरलेला काचेचा लोलक वापरला तर पट्टा आणखी रुंद होतो. वाटेत पोटॅशियम परमँगनेटचं फिकट द्रावण धरलं, की हिरव्या भागात काळे पट्टे पडतात. द्रावण जांभळं का दिसतं, हे मग सांगावं लागत नाही. गेलेला हिरवा समोरच दिसत असतो.

साबणाचा पडदा, जिप्समचं फुलपाखरू

१८७२च्या हिवाळ्यात जॉन टिंडल अमेरिकेत गेले. आयर्लंडमध्ये जन्मलेला हा भौतिकज्ञ लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शिकवत असे. बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशा शहरांत त्यांनी प्रकाशावर सहा व्याख्यानांची माला विजेच्या दिव्यासह दिली. या दौऱ्यातून उरलेले सुमारे १३,००० डॉलर त्यांनी अमेरिकेतच, भौतिकशास्त्राच्या तरुण अभ्यासकांसाठी ठेवले.

लुईस राइट हे कोंबडीपालनावरचे नामांकित इंग्रज लेखक. त्यांनी १८८२ मध्ये प्रकाशशास्त्र मुख्यतः कंदिलानं कसं शिकवावं, यावर अख्खा ग्रंथ लिहिला. महागडी उपकरणं नसलेल्या शिक्षकालाही करता येतील असे प्रयोग या परंपरेत कसे रुजले, ते दोन उदाहरणांवरून कळतं.

पहिलं साबणाचं. तारेच्या कड्यावर साबणाच्या पाण्याचा पडदा धरायचा, कंदिलाचा झोत त्याच्यावर तिरपा टाकायचा आणि परतणारा उजेड भिंगानं पडद्यावर न्यायचा. पाणी खाली ओघळतं. पण प्रतिमा उलटी, म्हणून रंगीत पट्टे वर चढताना दिसतात. जिथं पडदा सर्वांत पातळ, तिथं एक काळा डाग उगवतो. साबणाच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठावरून परतलेले तरंग तिथं एकमेकांना पुसून टाकतात. उजेडात उजेड मिसळून अंधार होतो, ही तरंगवादाची सर्वांत अवघड गोष्ट सगळं सभागृह एकदम पाहतं. मग पडदा फुटतो.

दुसरं ध्रुवीकरणाचं. विल्यम निकोलनं १८२८ मध्ये त्याच आइसलँडच्या स्फटिकाचे दोन तुकडे जोडून लोलक बनवला. तो एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देतो. कंदिलाच्या झोतात असे दोन लोलक ठेवून एक फिरवला, की पडदा हळूहळू काळोखतो. मोठे निकोल परवडत नसतील तर काचांची चळत तिरपी ठेवूनही पहिल्या लोलकाचं काम भागतं. आता मधल्या अंधारात जिप्समचे पातळ पापुद्रे सोडायचे. जाडी पाहून ते फुलपाखराच्या आकारात बसवलेले असत. साध्या उजेडात पारदर्शक, बेरंग असलेलं ते फुलपाखरू भगवं-निळं होऊन झळकतं. पुढचा लोलक नव्वद अंश फिरवला की प्रत्येक रंगाच्या जागी त्याचा पूरक रंग येतो. दुसरा स्फटिक फिरवला की उजेड का बदलतो, हेच हायगेन्सला न सुटलेलं कोडं होतं. यंग आणि फ्रेनेल या भौतिकज्ञांनी प्रकाशतरंग आपल्या वाटेला आडवे कंप पावतात हे ओळखलं, तेव्हा ते सुटलं. आणि ते लोकांपुढे उलगडलं हायगेन्सच्याच कंदिलानं.

कल्याण, लाहोर, कोलकाता

आपल्याकडे १८९०च्या दशकात कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ उभी केली. काचेवर रंगवलेल्या पुराणकथा कंदिलातून हलत्याबोलत्या होऊ लागल्या. त्याच काळात लाहोरमध्ये रुचिराम साहनी पंजाब सायन्स इन्स्टिट्यूटतर्फे प्रयोग आणि कंदील घेऊन गावोगाव पंजाबीत विज्ञान सांगत होते. लोकांच्या भाषेत सांगितलं तर लोक येतात, हा त्यांचा अनुभव मला फार मोलाचा वाटतो.

कोलकात्यात डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये विज्ञान संवर्धनासाठी इंडियन असोसिएशन ही संस्था काढली, ती आधी सप्रयोग व्याख्यानांवरच उभी राहिली. सेंट झेवियर्सचे बेल्जियन पाद्री युजीन लाफाँ तिथले आवडते व्याख्याते. जगदीशचंद्र बोस त्यांचे विद्यार्थी. याच संस्थेत १९०७ पासून एक तरुण सरकारी अधिकारी कचेरी सुटल्यावर येऊन प्रयोग करू लागला. ते चंद्रशेखर वेंकट रामन. १९२१ मध्ये युरोपहून परतताना समुद्राची निळाई न्याहाळायला त्यांच्या हाती होता निकोलचा लोलक. पाण्यावरून परावर्तित झालेलं आकाश त्यानं पुसून टाकलं, तरी समुद्र निळाच राहिला. त्या निरीक्षणापासून २८ फेब्रुवारी १९२८च्या रामन परिणामाच्या शोधापर्यंतचा रस्ता सरळ दिसतो. त्या दिवशी सापडलेल्या क्षीण उजेडाचं ध्रुवीकरण हा त्या शोधाचा एक मोठा पुरावा होता.

म्हणूनच आजच्या वर्गाबद्दल मनापासून एक सांगावंसं वाटतं. फळ्याशेजारी प्रोजेक्टर आहे, त्यावर किरणाचं सुबक चलचित्र दाखवता येतं. पण ते किरणाचं चित्र आहे, किरण नव्हे. आणि खरा किरण तर दोन हातांवर आहे. लॅपटॉपच्या पडद्यातून येणारा उजेड ध्रुवीकृतच असतो. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, कंपासपेटीतला पारदर्शक प्लॅस्टिकचा गुण्या त्यापुढे धरा आणि ध्रुवीकरण करणारा गॉगल डोळ्यांपुढे हळूहळू फिरवा. साच्यात घडताना प्लॅस्टिकमध्ये अडकलेला ताण रंगीत पट्ट्यांनी उमटेल, कोपऱ्यांशी दाटेल, गॉगल फिरेल तसा बदलेल. रोज हाताळलेल्या त्या गुण्यात हे रंग कुठून आले, असं एक तरी मूल विचारेल. धडा तिथून सुरू करावा.