टाळू जुळली, पण 'बाबा' म्हणता येईल का?

बाळाच्या डोक्यावरच्या मऊ जागेलाही मराठीत टाळू म्हणतात आणि तोंडाच्या छतालाही. इथे विषय दुसरीचा आहे, जन्मतः दुभंगलेल्या टाळूचा. ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून असे होते, हा समज अजून ऐकू येतो. प्रत्यक्षात गर्भावस्थेच्या पहिल्या तीन महिन्यांत टाळूच्या दोन बाजू मध्यभागी जुळायच्या राहून जातात. त्यात आईचा दोष नसतो.

फट शिवली की काम संपले, असे वाटते. पण 'प', 'ट', 'क' उच्चारताना मागची मऊ टाळू वर उचलली जाऊन नाकाची वाट बंद व्हावी लागते. ती उघडी राहिली तर 'बाबा' हा शब्द 'मामा'सारखा ऐकू येतो.

पॅरिसमध्ये फिलिबेर रू यांनी १८१९ साली जॉन स्टीफन्सन या कॅनेडियन वैद्यकीय विद्यार्थ्याची मऊ टाळू शिवली. भूल देण्याचे शास्त्र तेव्हा नव्हतेच! पुढे १८६१ मध्ये बर्लिनच्या लांगेनबेक यांनी दातांच्या आतल्या बाजूने छेद घेऊन, हाडावरच्या आवरणासकट श्लेष्मल त्वचेचे दोन पट्टे मध्यभागी सरकवले. पट्टे पुढे-मागे जोडलेलेच राहत असल्याने रक्तपुरवठा टिकतो. फट बुजते, टाळू मात्र आखूडच राहते. ती लांबवण्यासाठी व्हो, वॉर्डिल आणि किलनर यांच्या पद्धतीत पट्टे मागे ढकलतात. त्यात पुढचे हाड उघडे पडते, तिथला व्रण आकसतो आणि वरच्या जबड्याची वाढ खुंटण्याची भीती राहते. माझ्या मते ही किंमत जास्त आहे.

खरा बदल स्नायूकडे लक्ष गेल्यावर झाला. दुभंगलेल्या टाळूत उचलणारा स्नायू आडवा नसतो, तर पुढे जाऊन हाडाच्या कडेला चिकटलेला असतो. अमेरिकेतील लेनर्ड फर्लो यांनी तोंडाकडच्या आणि नाकाकडच्या थरांवर एकमेकांच्या उलट झेड आकाराचे छेद घेतले (लेख १९८६). त्यामुळे स्नायू आडवा येतो, टाळूही लांबते. ब्राझीलमध्ये लांगेनबेक पद्धतीशी तुलना झाली, तेव्हा बोलणे फर्लो पद्धतीत सरस ठरले, पण टाळूला छिद्र राहण्याचे प्रमाण तिच्यात अधिक होते. रुंद फटीत ताण पडतो, त्याचा हा परिणाम असावा. इंग्लंडच्या ब्रायन सॉमरलॅड यांच्या पद्धतीत सूक्ष्मदर्शकाखाली तोच स्नायू हाडापासून सोडवून मागे नेतात आणि जोडतात.

वयाचाही प्रश्न आहेच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सॉमरलॅड पद्धतीनेच काही बाळांची शस्त्रक्रिया सहाव्या महिन्यात, तर काहींची बाराव्या महिन्यात झाली. पाचव्या वर्षी नाकाची वाट नीट बंद न होण्याचे प्रमाण पहिल्या गटात ८.९ टक्के होते, दुसऱ्यात १५ टक्के. अर्थात सहा महिन्यांच्या बाळाला भूल द्यायला तसा भूलतज्ज्ञ आणि तशी सोय हवी.

उशीर झाला तर मूल 'क' घशातच अडवायला शिकते. ही सवय टाके मोडत नाहीत, त्यासाठी वाचा-उपचारच लागतात. तपासणीही मुलाच्या भाषेतच व्हावी. मराठीत 'बाबा, पाट टाका' पुरते. त्यात एकही अनुनासिक नाही.