सात नंबरचं घर

घर बांधतं कोण, राबतं कोण आणि नाव कुणाचं लागतं, हे समजून घ्यायला आज आम्ही तुम्हाला स्कॉटलंडच्या एडिंबरो शहरात नेणार आहोत. तिथल्या शार्लट चौकात सात नंबरचं घर सव्वादोनशे वर्षांपासून उभं आहे.

जुनं एडिंबरो टेकडीच्या धारेवर दाटीवाटीनं वसलेलं होतं. एकाच उंच इमारतीत श्रीमंत आणि गरीब वरखाली राहायचे. गर्दी आणि घाण वाढली, तेव्हा शेजारच्या मोकळ्या जागेवर नवं शहर वसवायचं ठरलं. १७६७ मध्ये जेम्स क्रेग या तरुणाचा आराखडा मंजूर झाला. सरळ रस्ते आणि दोन टोकांना दोन चौक. त्यातल्या पश्चिमेकडच्या चौकाला पुढे राणी शार्लटचं नाव मिळालं.

१७९१ मध्ये रॉबर्ट ॲडम यांनी या चौकाचा नकाशा काढला. घर ज्याचं त्यानं बांधायचं, आतल्या खोल्या हव्या तशा करायच्या, पण दर्शनी भिंत नकाशाप्रमाणेच ठेवायची. म्हणून रांगेतली सगळी घरं मिळून एकच राजवाडा वाटतो.

सात नंबरचं घर १७९६ मध्ये जॉन लॅमाँट या जमीनदारानं १,८०० पौंडांना घेतलं. वरच्या मजल्यांवर दिवाणखाना आणि जेवणाची खोली. स्वयंपाकघर मात्र तळघरात. वर कुणी दोरी ओढली की तारेनं जोडलेली घंटा खाली वाजायची. मग कोळसा, गरम पाणी, ताटं घेऊन नोकर-मोलकरणी जिने चढायच्या. पाहुण्यांना दिसायचा तो थाट. तो ज्यांच्या कष्टावर चालायचा, त्या तळघरात.

सुमारे वीस वर्षांनी हे घर कॅथरीन फार्क्वार्सन या विधवेनं विकत घेतलं. वडिलांची जहागीर तिला वारशानं मिळाली होती. त्या काळी तिथे लग्न झालेल्या बाईच्या मिळकतीचा कारभार नवरा पाहायचा. विधवेला मात्र तो स्वतः पाहता यायचा. १८४५ पर्यंत घर तिच्याकडे होतं.

पुढे मालक बदलत गेले. १९६६ मध्ये घर वारसा जपणाऱ्या राष्ट्रीय न्यासाकडे आलं. १९७५ पासून ते लोकांना पाहायला खुलं आहे आणि दिवाणखान्याबरोबर तळघरातलं स्वयंपाकघरही दाखवलं जातं. शेजारचं सहा नंबरचं घर आता स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टरांचं, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुखांचं, अधिकृत निवासस्थान आहे. २०१४ मध्ये निकोला स्टर्जन या पदावर आलेल्या पहिल्या महिला ठरल्या.

जहागीरदारीण कॅथरीनचं नाव राहिलं, कारण ते कागदावर होतं. तळघरात राबलेल्या कितीतरी जणींची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत. घर सारवणाऱ्या, हप्ते फेडणाऱ्या आपणही आहोत. म्हणून पुढच्या बैठकीला येताना घराचा नमुना ८ चा उतारा सोबत आणा. त्यावर कुणाकुणाचं नाव आहे, ते आपण मिळून वाचू.