पोराला पहिली कार घ्यायचीय? चंद्रपूर-गडचिरोलीत शोरूमला जाण्याआधी हा हिशोब मांडा

बारावीचा निकाल लागतो, कॉलेजची ॲडमिशन होते आणि घरात एक विषय निघतोच. गाडी. आधी हा विषय मोपेडवर मिटायचा, नंतर बाईकवर आला, आता बऱ्याच घरांत थेट कारवर येतोय.

चंद्रपूर आणि गडचिरोलीत ही मागणी नुसती हौस म्हणून उडवून लावता येत नाही. गडचिरोली जिल्ह्यात वर्षानुवर्षे रेल्वे होती ती फक्त वडशाला. एटापल्ली, भामरागडकडचं पोरगं शिकायला बाहेर पडलं की एसटी, नाहीतर स्वतःचं वाहन.

पण शोरूममध्ये गेल्यावर बहुतेक पालक एकच प्रश्न विचारतात, "ऑन रोड किती पडेल?" खरंतर प्रश्न दोन असतात. महिन्याला किती पडेल? आणि चालवणाऱ्याकडे लायसन्स आहे का?

आधी वयाचं बघा

कार चालवायची तर वय १८ पूर्ण पाहिजे. १६ व्या वर्षी लायसन्स मिळतं, पण ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या असतात. म्हणजे दहावी-अकरावीतलं पोरगं त्या चालवत असेल, तर तेही नियमात बसत नाही.

१८ पूर्ण झाल्यावर आधी लर्निंग लायसन्स. ते सहा महिने चालतं आणि ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्ससाठी टेस्ट देता येते. तोवर शेजारी लायसन्सवाला माणूस आणि गाडीवर 'एल'ची पाटी लागतेच.

"गावातल्या गावात चालवतो, कोण बघतंय" हे वाक्य इथे महागात पडू शकतं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या पोर्शेने दोघांचा जीव घेतला, तेव्हा मुलाच्या वडिलांनाही अटक झाली होती.

यात विम्याचाही मुद्दा आहे. विनालायसन्स चालकाने कुणाला उडवलं, तर कोर्ट अनेकदा विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा देतं. म्हणजे विमा असूनही शेत विकायची वेळ येऊ शकते.

पाच लाखांची कार पाच लाखांत येत नाही

समजा, पेट्रोल कारची शोरूम किंमत ५ लाख आहे. महाराष्ट्रात १० लाखांच्या आतल्या पेट्रोल कारला ११ टक्के एकरकमी टॅक्स लागतो. म्हणजे ५५ हजार तिथेच गेले. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. २०२२ मध्ये ठरलेल्या दरानुसार १००० सीसीपर्यंतच्या कारसाठी तो ६,५२१ रुपये, वर जीएसटी. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा.

त्यातले ४ लाख कर्ज काढलं, व्याज साडेनऊ टक्के आणि मुदत पाच वर्षं धरली, तर हप्ता येतो साधारण ८,४०० रुपये. पाच वर्षांत ४ लाखांचे ५ लाख ४ हजार भरावे लागतात.

सप्टेंबर २०२५ पासून लहान कारवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे किमती उतरल्या हे खरं. पण महिन्याचा मोठा खर्च वेगळाच आहे.

हप्त्यापेक्षा पेट्रोल जड

मूलचं पोरगं रोज चंद्रपूरला कॉलेजला जातंय असं धरू. एका बाजूने सुमारे ४५ किलोमीटर, जाऊन-येऊन ९०. गाडीने १८ चा ॲव्हरेज दिला तर रोज ५ लिटर. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर रोजचे ५२५ आणि महिन्यात २२ दिवस कॉलेज म्हणजे ११,५५० रुपये.

हप्ता आणि पेट्रोल मिळून २० हजारांच्या आसपास. सर्व्हिसिंग, टायर, विम्याचं नूतनीकरण अजून बाकीच आहे.

दुसरीकडे एसटीच्या विद्यार्थी पासला ६६.६७ टक्के सवलत आहे. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत मिळतो आणि मार्च २०२३ पासून महिलांना तिकीट अर्धंच लागतं. बसची वेळ जुळत असेल, तर रोजच्या प्रवासासाठी पास आणि अडीअडचणीला घरची गाडी, हे गणित बहुतेक घरांना परवडतं.

जुनी घ्यायची तर कोणती?

शिकाऊ हातांना जुनी गाडी चांगली, कारण पहिल्या वर्षी घासाघीस होतेच. पण स्वस्तात मिळतेय म्हणून फार जुनी घेऊ नये. एप्रिल २०१९ पासून कारमध्ये एबीएस सक्तीचं झालं आणि जानेवारी २०२२ पासून पुढे दोन एअरबॅग. त्यामुळे २०२२ किंवा त्यानंतरची गाडी घेतली, तर या दोन गोष्टी हमखास मिळतात.

दुसरी तपासणी पुराची. जुलै २०२२ मध्ये वर्धा, इरई, वैनगंगेच्या पुराने दोन्ही जिल्ह्यांत हाहाकार केला होता. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकायला येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ दिसते का बघावं. मॅटखाली हात घालावा. सीटच्या बोल्टवर गंज आहे का पाहावं. कुबट वास येत असेल तर सरळ नाही म्हणावं.

कागदांत आरसी, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा उतरलाय का ते बघायचं. एमएच ३४ म्हणजे चंद्रपूर, एमएच ३३ म्हणजे गडचिरोली. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर एनओसीचं विचारून घ्यावं. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करून घेतल्याशिवाय व्यवहार संपला असं समजू नये. विकणाऱ्यानेही हे बघितलं पाहिजे. नाहीतर पुढच्या अपघाताची नोटीस जुन्या मालकाच्या दारात येते.

जंगलातला रस्ता हे वेगळं शिक्षण

मोकळ्या मैदानावर क्लच-ब्रेक शिकलेलं पोरगं चंद्रपूर-मूल रस्त्यावर रात्री तयार असतंच असं नाही. चितळ, रोही, रानडुक्कर क्षणात आडवं येतं. एक चितळ गेलं की मागून दुसरं येणार हे धरूनच चालायचं असतं. आष्टी-आल्लापल्ली पट्ट्यात लोहखनिजाचे ट्रक, चंद्रपूरच्या बाजूला कोळशाचे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा लागतो.

म्हणून इथे गाडी निवडताना मोठ्या स्क्रीनपेक्षा ग्राउंड क्लिअरन्स, चांगले हेडलाइट, पूर्ण आकाराची स्टेपनी आणि जवळचं सर्व्हिस सेंटर महत्त्वाचं. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे कूलंट आणि टायरची हवा दर आठवड्याला बघावी लागते. टायर बदलायला पोराला आधीच शिकवलेलं बरं, कारण आतल्या भागात मोबाइलला रेंज नसते.

साधा उपाय असा. लायसन्स मिळाल्यावर सहा महिने घरचीच गाडी, शेजारी आई किंवा बाबा, आणि अंधार पडल्यावर जंगलातला रस्ता बंद. त्या सहा महिन्यांत २० हजार दरमहा बाजूला काढून बघायचे. काढता आले तर १ लाख २० हजारांचं डाउन पेमेंट तयार होतं. नाही काढता आले तर गाडी परवडत नाही, हे कर्ज न काढताच कळतं.