सगळे कॉम्प्युटर एकदम बंद पडले, तर उद्या सकाळचं काम कसं चालणार?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलता बोलता जे सुटे सुटे झालं होतं, ते इथे थोडं नीट लावलंय.

आजचा विषय आहे बिझनेस कंटिन्युइटी प्लॅनिंग. नाव जड आहे, पण अर्थ सोपा आहे. सगळी यंत्रणा कोसळली तरी धंद्याचं काम कसं चालू ठेवायचं, हे आधीच ठरवून ठेवणं. बरेच जण म्हणतात, "आमचा बॅकअप आहे, झालं की!" पण तेवढ्याने होत नाही. का होत नाही, ते एका खऱ्या घटनेतून सांगतो. ती घडली डेन्मार्कच्या कंपनीत, पण तिचा फटका आपल्या उरणजवळच्या न्हावा-शेव्यालाही बसला.

२७ जून २०१७

मर्स्क ही जगातल्या सगळ्यात मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक. रस्त्यावर ट्रेलरवर जे लोखंडी कंटेनर दिसतात, त्यातल्या कितीतरी कंटेनरवर तिचं नाव असतं. त्या दिवशी दुपारी कोपनहेगनच्या मुख्य ऑफिसात एकेक स्क्रीन काळी पडायला लागली. कारण होतं नॉटपेट्या नावाचं व्हायरससारखं पसरणारं सॉफ्टवेअर.

ते आलं कुठून? युक्रेनमध्ये हिशेबासाठी एम.ई.डॉक नावाचं सॉफ्टवेअर खूप वापरलं जायचं. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमध्येच हे विष कालवलं. मर्स्कच्या ओडेसातल्या ऑफिसात एका कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर होतं. तिथून ते कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरलं आणि देश ओलांडत पसरलं. स्क्रीनवर खंडणीचा मेसेज यायचा, पण पैसे भरून काहीच परत मिळणार नव्हतं. डेटा कायमचा निकामी करणं हेच त्याचं काम होतं.

जेएनपीटी बंदरात मर्स्कच्याच समूहातली एपीएम टर्मिनल्स ही कंपनी एक टर्मिनल चालवते, गेटवे टर्मिनल्स इंडिया. तिथली यंत्रणाही बंद पडली. क्रेन जागेवर, कंटेनर जागेवर, माणसं जागेवर. फक्त कोणता कंटेनर कोणाचा, हे कळायला मार्ग नाही. आणि ते कळत नसेल तर बंदर म्हणजे लोखंडी पेट्यांचं गोदाम! कामं हाताने करायची वेळ आली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण अशा संकटात वस्तू बहुतेक वेळा शाबूत असते. हरवते ती तिची माहिती.

कॉपी होत्या, तरी वाचल्या का नाहीत?

मर्स्ककडे बऱ्याच सर्व्हरचे बॅकअप होते. अडलं ते डोमेन कंट्रोलरपाशी. हा काय प्रकार? मोठ्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे रजिस्टर असतं ना, कोणाला आत सोडायचं आणि कोणाला नाही याचं, तसंच. कंपनीत कोण कुठे लॉगिन करू शकतो, हे डोमेन कंट्रोलर सांगतो. तो नसेल तर बाकीचे बॅकअप असूनही गाडं पुढे सरकत नाही.

मर्स्ककडे असे सुमारे १५० कंट्रोलर होते आणि ते सगळे एकमेकांशी जुळवून घेत राहायचे. एक गेला तर दुसऱ्यावरून उभा करता येईल, असा हिशेब. पण सगळे एकाच वेळी जातील, हा विचारच झाला नव्हता. आणि नेमकं तेच झालं.

वाचला तो फक्त एक, आफ्रिकेतल्या घाना देशातला. हल्ल्याच्या आधी तिथे वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता! लोडशेडिंगने एवढी मोठी कंपनी वाचवल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पण तो डेटा इंग्लंडला पाठवायला तिथलं इंटरनेट पुरेना. तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक जण हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथे ती दुसऱ्याच्या हातात दिली आणि तो लंडनला पोचला.

त्यानंतर दहा दिवसांत मर्स्कने ४,००० सर्व्हर, ४५,००० कॉम्प्युटर आणि २,५०० ॲप्लिकेशन्स नव्याने उभी केली. तोवर लोकांनी वैयक्तिक जीमेल, व्हॉट्सॲप आणि एक्सेल वापरून बुकिंग घेतलं. मालाची उलाढाल फक्त २० टक्क्यांनी घटली, असं कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हॅगमन स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं. तरी नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचं होतं.

सिंक म्हणजे बॅकअप नाही

तुमच्या फोनचंच बघा. गूगल फोटोज फोनशी जुळलेलं असतं. तिथे तुम्ही फोटो डिलीट केला की तो क्लाउडवरूनही जातो. कचरापेटीत काही दिवस राहतो, मग संपलं. एका जागी केलेली चूक दुसऱ्या जागी आपोआप पोचते. मर्स्कचे १५० कंट्रोलर एका धाग्यात होते, म्हणून एकदम गेले. घानाचा धागा तुटला होता, म्हणून तो वाचला.

यासाठी आयटीवाले ३-२-१ नियम सांगतात. तीन कॉपी, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. मी त्यात एक भर घालेन: निदान एक कॉपी नेटवर्कला न जोडलेली हवी. म्हणजे आपली घाना नशिबावर सोडायची नाही, ठरवून ठेवायची.

आणि कॉपी परत येते का, हेही तपासायचं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरकडून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. मग लक्षात आलं, रोजचा बॅकअप होतच नव्हता आणि तो फसल्याचे इमेलही कोणापर्यंत पोचत नव्हते. सुदैवाने सहा तासांपूर्वी कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी हाताने एक कॉपी काढली होती, तिच्यावर निभावलं.

आता तुमच्या ऑफिसचं बोलू

समजा, तुम्ही एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहात. सकाळी आठला सॉफ्टवेअर उघडत नाही. बाहेर वीस पेशंट उपाशीपोटी रक्त द्यायला बसलेत. अशा वेळी दोन आकडे आधीच ठरलेले हवेत.

पहिला, आरटीओ. लायसन्सवालं नाही हं! काम किती वेळात पुन्हा सुरू झालं पाहिजे, तो वेळ. दुसरा, आरपीओ. किती वेळाची माहिती गेली तर चालेल, तो हिशेब. बॅकअप रोज रात्री दहाला होत असेल आणि संध्याकाळी सातला सगळं गेलं, तर दिवसभराचे रिपोर्ट गेले. म्हणजे काही पेशंटना पुन्हा सुई. हे चालणार नसेल, तर बॅकअप तासातासाला हवा.

मग एका कागदावर, हो, कागदावरच, एवढं लिहून ठेवा:

- कोणतं काम आधी सुरू करायचं, कोणतं दोन दिवस थांबलं तरी चालेल.
- सॉफ्टवेअर नसताना नमुन्यांवर नंबर कसा टाकायचा, कोणत्या वहीत नोंद करायची.
- नेटवर्क बंद करायचा निर्णय कोण घेणार. तो रजेवर असेल तर कोण.
- डॉक्टर, मशिनवाला, सॉफ्टवेअरवाला यांचे फोन नंबर. हल्ल्याच्या दिवशी कॉम्प्युटरमधली यादी उघडणार नाही.
- सायबर हल्ला असेल, तर सर्ट-इनला सहा तासांच्या आत कळवणं कोणाकडे.

आणि वर्षातून दोनदा, एखाद्या शांत दिवशी, तासभर सॉफ्टवेअर मुद्दाम बंद ठेवून काम करून बघा. वही सापडत नाही, नंबर बदललाय, पासवर्ड एकालाच माहीत आहे, हे सगळं त्या तासात उघडं पडतं. पेशंट दारात असताना कळण्यापेक्षा ते बरं.

मर्स्कच्या लोकांनी व्हॉट्सॲपवर बुकिंग घेतलं, त्याचं कौतुक आहेच. पण ते त्यांनी त्या दिवशी शोधून काढलं. प्लॅन म्हणजे तोच जुगाड, फक्त डोकं शांत असताना केलेला.

या आठवड्यात ऑफिसात एकच प्रश्न विचारा: "आपला बॅकअप शेवटचा परत आणून कधी पाहिला?" समोरचा गप्प झाला, तर कामाला लागायची वेळ झाली म्हणून समजा. भेटू पुढच्या भागात!