जालन्याची सळई, घरचं पातेलं

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळतं, त्याच्या लालबुंद सळ्या लाटल्या जातात, पाण्याच्या माऱ्यातून निघतात आणि कुणाकुणाच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतात. सळई साध्या पोलादाची, म्हणजे हमखास गंजणारी. तरी चांगल्या काँक्रीटमध्ये ती वर्षानुवर्षं शाबूत राहते. आणि त्याच घरातल्या स्टेनलेस पातेल्यावर मात्र तांबूस ठिपके!

दोघांना वाचवतो तो अंगावरचा न दिसणारा पापुद्रा. सळईवर तो काँक्रीटमधल्या अल्कामुळे धरतो. स्टेनलेसमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. हवा लागताच त्याच्या ऑक्साइडचा थर तयार होतो, जाडी अवघी काही नॅनोमीटर. भांड्यावर नाव घालताना सुई हा थर खरवडते, पण तो आपला आपण पुन्हा धरतो. लग्नातल्या कळशीवरचं नाव गंजत नाही ते यामुळेच. मला तर हा धातूचा सगळ्यात सुंदर गुण वाटतो.

वैरीही दोघांचा एकच: मिठातलं क्लोराइड. समुद्राकाठच्या इमारतींत ते सळ्या पोखरतं. स्वयंपाकघरात गार पाण्यात टाकलेलं मीठ तळाशी बसून बारीक खड्डे पाडतं. म्हणून पाणी उकळल्यावर मीठ घाला आणि लगेच ढवळा. लोणचं बरणीतच मुरू द्या. ब्लीच आणि बाथरूमचं ॲसिड सिंकपासून लांब ठेवा. ही दोन्ही एकत्र तर कधीच नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पुष्कळदा तो गंज भांड्याचा नसतोच. लोखंडी तारेच्या घासणीचे कण चिकटतात, नाहीतर ओल्या सिंकमध्ये रात्रभर तवा पडलेला असतो. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून मऊ फडक्यानं पॉलिशच्या रेषांच्या दिशेनं चोळा. हट्टी डागावर थोडा वेळ लिंबाचा रस. मग धुऊन कोरडं पुसा.

बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग म्हणजे गंज नव्हे, क्षार. तिथं सोडा चालत नाही, लिंबू किंवा व्हिनेगर चालतं.

आणि दुकानात चुंबक चिकटलं की स्टील हलकं, अशी पारख करणाऱ्यांसाठी: इंडक्शनच्या चांगल्या भांड्यालाही चुंबक चिकटतं, तर कमी निकेलच्या स्वस्त, लवकर डागाळणाऱ्या २०० मालिकेच्या स्टीलला बहुधा चिकटत नाही. चुंबक खिशातच ठेवा, तळावर चांगल्या स्टीलचा ३०४ हा आकडा आहे का ते बघा.