कृष्णवर्णीय माजी विद्यार्थ्यांचा मेळावा : ब्राउन विद्यापीठातील प्रथा व तिचे मूळ

अमेरिकेतील जुन्या विद्यापीठांत माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरविण्याची प्रथा दृढमूल झालेली आहे. या मेळाव्यांचा घटक म्हणजे पदवीचे वर्ष होय. ज्या वर्षी पदवी मिळावयाची त्या वर्षाच्या नावाने विद्यार्थी प्रवेशापासूनच ओळखला जातो आणि पुढे दर पाच वर्षांनी त्या तुकडीस विद्यापीठ परत बोलाविते. ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स या शहरी असलेल्या ब्राउन विद्यापीठात हे मेळावे मे महिन्यात, पदवीदान समारंभाला जोडून होतात. असे असता २०१८ च्या सप्टेंबर महिन्यात त्याच आवारात केवळ कृष्णवर्णीय माजी विद्यार्थ्यांचा एक स्वतंत्र मेळावा शुक्रवार ते रविवार भरविण्यात आला. या वेगळेपणाचे कारण काय? ज्या समाजाने वर्णभेदमूलक पृथक्करणाविरुद्ध इतका दीर्घ लढा दिला त्याने स्वतःहून वेगळी पंगत मांडावी, हे वरवर पाहता विसंगत वाटते. तथापि या प्रथेचे मूळ शोधू गेल्यास ते भावनेत नसून प्रथम साध्या अंकगणितात सापडते.

हॉवर्ड किंवा मोरहाउस यांसारख्या, मुळात कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठीच स्थापन झालेल्या संस्थांत अशा स्वतंत्र मेळाव्याची गरज पडत नाही. तेथे शरद ऋतूत, फुटबॉलच्या सामन्याभोवती, माजी विद्यार्थ्यांचा जो मोठा उत्सव होतो तोच सर्वांचा मेळावा असतो. वेगळा मेळावा ही बहुसंख्य श्वेतवर्णीय संस्थांतील घटना आहे. ब्राउनची स्थापना १७६४ सालची. तेथून पदवी घेणारे पहिले दोन कृष्णवर्णीय विद्यार्थी, इन्मन पेज व जॉर्ज मिलफर्ड, १८७७ साली बाहेर पडले. त्यानंतरही सुमारे नव्वद वर्षे ही संख्या अत्यल्पच राहिली. एखाद्या तुकडीत एक, एखाद्या तुकडीत दोन, कित्येकांत एकही नाही. अशा विद्यार्थ्याने पंचवीस वर्षांनी आपल्या तुकडीच्या मेळाव्यास जावे तर तेथे भेटावे कोणास? ज्यांच्याबरोबर तो जेवला नाही, ज्यांच्या घरी त्यास कधी बोलावणे आले नाही, त्यांच्याशी स्मृतींची देवाणघेवाण ती काय होणार! त्याचे खरे सोबती त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या तुकड्यांत विखुरलेले होते. म्हणून या मेळाव्याने वर्ष हा घटकच मोडीत काढला. सत्तरी ओलांडलेला माजी विद्यार्थी आणि गतवर्षी पदवी घेतलेली तरुणी एका टेबलाशी बसतात. इतर मेळाव्यांत समवयस्क जमतात आणि आपण किती बदललो ते पाहतात; येथे अनेक पिढ्या जमतात आणि संस्था किती बदलली ते ताडून पाहतात. हा भेद महत्त्वाचा आहे.

या माजी विद्यार्थ्यांच्या मंडळास इन्मन पेज यांचेच नाव देण्यात आले आहे, आणि ते यथार्थ आहे. व्हर्जिनियात गुलामगिरीत जन्मलेल्या या माणसाला ब्राउनमधील सहाध्यायांनी आपल्या तुकडीचा वक्ता म्हणून निवडले होते. पुढे त्याने आपले बहुतेक आयुष्य मिसूरी व ओक्लाहोमा या राज्यांतील कृष्णवर्णीयांच्या शाळा-महाविद्यालयांत वेचले. कादंबरीकार रॅल्फ एलिसन हा ओक्लाहोमा सिटीतील शाळेत पेज यांचा विद्यार्थी होता. १९७९ मध्ये ब्राउनमध्ये पेज यांचे तैलचित्र अर्पण करण्यात आले, त्या प्रसंगी भाषण केले ते एलिसन यानेच. आपल्या शिस्तप्रिय मुख्याध्यापकांचे ब्राउनशी असलेले नाते एका प्रख्यात लेखकाने त्यांच्याच विद्यापीठात उलगडून सांगावे, हा योग विरळाच म्हटला पाहिजे.

तथापि २०१८ हे वर्ष निवडण्यामागे पेज नव्हते. १९६८ चा डिसेंबर होता. त्या वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती आणि देशभर विद्यापीठांतील वातावरण तापलेले होते. ५ डिसेंबर रोजी ब्राउन व त्याला संलग्न असलेले पेम्ब्रोक हे महिला महाविद्यालय यांतील ६५ कृष्णवर्णीय विद्यार्थी आवार सोडून टेकडी उतरले आणि जवळच्या काँग्डन स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये जाऊन राहिले. कोणतीही इमारत ताब्यात घेतली गेली नाही, काच फुटली नाही. ज्यांना नीट सामावून घेतले जात नव्हते ते फक्त निघून गेले. या निर्णयामागे पेम्ब्रोकमधील विद्यार्थिनींचा पुढाकार मोठा होता, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. त्यांची प्रमुख मागणी संख्येच्या रूपात होती : नव्याने प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक तुकडीत कृष्णवर्णीयांचे प्रमाण किमान ११ टक्के, म्हणजे देशाच्या लोकसंख्येतील तत्कालीन प्रमाणाइतके, असावे. विद्यापीठाने ठराविक टक्केवारी बांधून घेण्यास नकार दिला. परंतु कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संख्या वाढविण्यासाठी तीन वर्षांत ११ लक्ष डॉलर खर्च करण्याचे मान्य केले. काही दिवसांनी विद्यार्थी परतले.

ते ज्या चर्चमध्ये राहिले त्याचाही इतिहास ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रॉव्हिडन्समधील कृष्णवर्णीयांच्या पहिल्या प्रार्थनागृहासाठी १८१९ मध्ये जागा दिली ती मोझेस ब्राउन यांनी, आणि काँग्डन स्ट्रीटची मंडळी त्याच परंपरेतील. ज्या कुटुंबाचे नाव विद्यापीठाने १८०४ मध्ये धारण केले त्यातीलच हे मोझेस. १७६४ मध्ये त्यांनी व त्यांच्या तिघा भावांनी ‘सॅली’ नावाचे जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलाम आणण्यासाठी धाडले होते. खरेदी केलेल्या १९६ जणांपैकी किमान १०९ मृत्यू पावले. पुढे मोझेस क्वेकर पंथात गेले, १७७३ मध्ये त्यांनी आपले गुलाम मुक्त केले आणि ते गुलामगिरीचे कट्टर विरोधक बनले. त्यांचे बंधू जॉन मात्र अखेरपर्यंत त्या व्यापाराचे समर्थक राहिले. एकाच घरातील हा दुभंग विद्यापीठाच्या वारशात उतरलेला आहे.

या वारशाचा पद्धतशीर शोध घेण्याचे काम रूथ सिमन्स यांनी सुरू केले. २००१ ते २०१२ या काळात त्या ब्राउनच्या अध्यक्षा होत्या. आयव्ही लीग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आठ संस्थांपैकी कोणत्याही संस्थेचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती होत. २००३ मध्ये त्यांनी नेमलेल्या समितीचा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यापीठाची सर्वांत जुनी इमारत, युनिव्हर्सिटी हॉल, १७७० मध्ये उभी राहू लागली तेव्हा तिच्यावर राबणाऱ्यांत गुलामही होते, हे त्यात सप्रमाण नमूद आहे. त्या इमारतीच्या समोरच्या हिरवळीवर २०१४ मध्ये मार्टिन प्यूरियर या शिल्पकाराने घडविलेले स्मारक उभारण्यात आले. बिडाचा एक प्रचंड गोळा जमिनीत अर्धा रुतलेला आहे. त्यातून वर निघालेली साखळी मध्येच तुटलेली असून तुटलेल्या टोकावर आरशासारखी झिलई आहे. त्यात आकाश दिसते.

अशा आवारात परत येणाऱ्यांचे विद्यापीठाशी असलेले नाते केवळ कृतज्ञतेचे असणार नाही, हे उघड आहे. देणगी मागावयाची वेळ आली म्हणजे माजी विद्यार्थ्यांची आठवण होते, ही तक्रार सर्वत्र सारखीच; परंतु येथे देवघेवीचा हिशेब उलट्या बाजूनेही मांडला जातो. विद्यापीठाने १९६८ मध्ये दिलेले वचन पाळले काय, हा प्रश्न प्रत्येक पिढीने नव्याने विचारला आहे. सात वर्षांतच, एप्रिल १९७५ मध्ये, विद्यार्थ्यांनी युनिव्हर्सिटी हॉलचा ताबा घेतला तो याच वचनाची आठवण देण्यासाठी, आणि त्यातूनच १९७६ मध्ये अल्पसंख्य विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र केंद्र उभे राहिले. विद्यार्थी चार वर्षांत निघून जातात, प्रशासकही बदलतात. दिलेल्या शब्दाची स्मृती संस्थेत टिकवावयाची तर ती टिकविणारा एकच वर्ग उरतो, तो म्हणजे माजी विद्यार्थ्यांचा. चर्चमध्ये राहिलेल्या विद्यार्थ्यांनी पन्नास वर्षांनी आजच्या विद्यार्थ्यांसमोर बसून त्या दिवसांची हकीकत सांगणे, याला म्हणूनच केवळ स्मरणरंजन म्हणता येत नाही. मेळाव्यातील भोजन, नृत्य आणि दिवंगतांचे स्मरण यांचे मोल कमी नाही. परंतु दस्तऐवजांत ज्याची नोंद अपुरी आहे ते तोंडी साक्षीने पुढच्या पिढीच्या हाती देणे हे त्याचे अधिक टिकाऊ कार्य होय.

विद्यापीठालाही हा मेळावा सोयीचा असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या बंडखोरांना एके काळी प्रशासनाने अडचण मानले त्यांचा पन्नास वर्षांनी गौरव करणे स्वस्तात पडते. परंतु गौरवाबरोबर कागदपत्रेही उघडी होतात आणि प्रश्नही विचारले जातात, म्हणून हा सौदा एकतर्फी नाही.

१९६८ च्या मागणीचा प्रश्न मात्र २०१८ नंतर अधिकच बिकट झाला. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंशाचा विचार करण्याची पद्धत अवैध ठरविली. त्या निर्णयानंतर आलेल्या पहिल्याच, म्हणजे २०२४ च्या शरद ऋतूत दाखल झालेल्या तुकडीत ब्राउनमधील कृष्णवर्णीयांचे प्रमाण आधीच्या वर्षीच्या १५ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. एका वर्षाच्या आकड्यावरून दीर्घकालीन निष्कर्ष काढणे अशास्त्रीय ठरेल, आणि वंशाची नोंद करण्याच्या रीती पाच दशकांत बदललेल्या असल्यामुळे जुन्या व नव्या टक्केवारीची थेट तुलनाही काटेकोर होत नाही. तथापि ११ टक्क्यांसाठी जे चर्चमध्ये जाऊन राहिले त्यांच्यापैकी अनेकांना हा आकडा आपल्या हयातीतच वाचावा लागला. ठराविक टक्केवारीची मागणी आता कायद्याच्या चौकटीत बसत नाही. माजी विद्यार्थ्यांच्या मंडळांना जे करणे शक्य उरले आहे ते असे : दूरच्या शाळांतील होतकरू मुलांपर्यंत स्वतः पोहोचणे, त्यांना अर्ज करण्यास प्रवृत्त करणे, शिष्यवृत्त्यांसाठी निधी जमविणे आणि दाखल झालेल्यांना आवारात एकटे पडू न देणे.