रील लोणावळ्याची, पॉईंट कुरवंड्याचा, मग कमाई कुणाची?

कुरवंडे हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल, पण हे गाव तुम्ही बघितलंय. पावसाळ्यात इन्स्टाग्राम उघडलं की धुक्यातला कडा, हातात भाजलेलं कणीस आणि मागं एखादं रोमँटिक गाणं, अशी एक तरी रील येतेच. तो टायगर पॉईंट. लोकेशनला लिहिलेलं असतं ‘लोणावळा’, पण पॉईंट आहे मावळातल्या कुरवंडे गावाचा. ड्यूक्स नोज म्हणजे आपली नागफणी, तीही इथलीच. 2 फेब्रुवारी 1661 ला कारतलबखान ज्या घाटानं उतरून उंबरखिंडीत शिवरायांच्या तावडीत सापडला, तो घाटही कुरवंड्याचाच.

आता अशा रीलखालच्या कमेंट आठवा. ‘नोकरी सोडून इथं मॅगीची टपरी टाकावी.’ ‘डिग्री घेऊन काय करणार, चॅनल काढ.’ अशी मतं आपण सगळेच देतो, मीही दिलीत. पण कुरवंड्यातल्या बारावीच्या पोरानं ती मनावर घेतली तर?

आधी टपरीचं बघू. गर्दी होते हे खरं, पण ती पावसाळ्यातली आणि त्यातही शनिवार-रविवारची. शिवाय हा धंदा एका आदेशानं थांबतो. 30 जून 2024 ला भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ देशभर फिरला आणि पुढच्या काही दिवसांतच जिल्हाधिकाऱ्यांनी पर्यटनस्थळांवर निर्बंध लावले. धोकादायक ठिकाणी सेल्फी आणि रील काढायलाही बंदी आली. निर्णय गरजेचाच होता, त्यावर वाद नाही. पण त्या दिवसांत पोत्यानं आणून ठेवलेल्या कणसांचं काय करायचं, हा प्रश्न टपरीवाल्याचा एकट्याचा.

यात एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. फेरीवाल्यांना संरक्षण देणारा 2014 चा केंद्रीय कायदा आहे. सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र, उठवण्याआधी नोटीस, हे सगळं त्यात येतं. पण तो महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत, कॅन्टोन्मेंट अशा शहरी हद्दींसाठी आहे. म्हणजे लोणावळ्याच्या बाजारातला गाडीवाला या कायद्याचा आधार मागू शकतो, ग्रामपंचायत हद्दीतल्या पॉईंटवरचा नाही.

मग चॅनल? यूट्यूबवर जाहिरातींचा पैसा सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर लागतात आणि सोबत वर्षभरात 4000 तासांचा वॉचटाइम, नाहीतर 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज. त्यानंतरही शॉर्ट्सच्या वाट्याला आलेल्या रकमेतले 45 टक्केच क्रिएटरला मिळतात. आणि पावसाळा संपल्यावर पोस्ट काय करणार? जमतं काहींना, नाही असं नाही. पण बारावीचा अभ्यास सोडून त्याच्या मागं लागणं म्हणजे लॉटरीच्या तिकिटावर घर चालवणं.

गंमत म्हणजे गावाच्या वाटेवरच एक पक्कं करिअर उभं आहे. आयएनएस शिवाजी. नौदलाला जहाजांची इंजिनं सांभाळणारी माणसं इथं तयार होतात, तेही 1945 पासून. पण शेजारी राहतो म्हणून आत घेत नाहीत. अग्निवीर एसएसआरसाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवं, एमआरसाठी दहावी चालते. अर्ज ऑनलाइन, आणि सुरुवातीचं प्रशिक्षण थेट ओडिशातल्या चिल्का इथं. पहिल्या वर्षी महिना 30 हजारांचं पॅकेज, हातात त्यातले 21 हजार. चार वर्षांनी सेवानिधीचे सुमारे 10 लाख मिळतात आणि जास्तीत जास्त 25 टक्के जणांनाच पुढं ठेवतात. म्हणजे हीही कायमची नोकरी नाही. पण अकरावीला गणित सोडलेल्या पोराला एसएसआरचा अर्जच भरता येत नाही, आणि तो निर्णय दहावीनंतरच्या त्या गडबडीच्या पंधरा दिवसांत होऊन गेलेला असतो.

आता टायगर पॉईंटवर काचेचा स्कायवॉक होणार म्हणून सरकारनं सुमारे 333 कोटींचा प्रकल्प मंजूर केलाय. झिपलाइन, फूड पार्क असं बरंच काही त्यात आहे. त्या रीलही येतीलच. तेव्हा कमेंटमध्ये ‘भारी!’ लिहिताना एक प्रश्न जरूर विचारा: त्या फूड पार्कमधले किती गाळे कुरवंड्याच्या लोकांसाठी राखीव आहेत, आणि ते टेंडरमध्ये लिहिलंय का?